रोलरवाल्याची केळीबाग

बऱ्हाणपुरातून तापीच्या कडेने खाली उतरत गेलं की दोन्ही अंगांना केळीशिवाय दुसरं फारसं काही दिसत नाही. जिल्ह्यात वीस हजार हेक्टरांच्या वर केळी आहे. इथे एकमेकांची खुशाली विचारतानाही आधी बाग कशी आहे हे विचारतात, मग मुलंबाळं. अशाच एका गावात एक म्हातारी आणि तिचा पुतण्या राहत होते. म्हातारीला सगळं गाव मोठी माय म्हणायचं आणि पुतण्याला रोलरवाला. दोघांची खरी नावं पटवाऱ्याच्या दप्तरात असतील, पण गोष्टीला ती लागत नाहीत.

पुतण्याने उमेदीची सगळी वर्षं रस्त्यांवर काढली होती. दहा टनी रोलर चालवायचा. इंदूर-इच्छापूर रस्त्याचे कित्येक तुकडे त्याच्या हाताखालून गेले होते. मुरूम पसरायचा, टँकरने पाणी मारायचं, मग रोलर पुढे-मागे, पुढे-मागे, दिवसभर. साहेब लोक दबाई तपासायला यंत्रं घेऊन यायचे. याला यंत्र लागत नसे. चपलेतून पाय काढायचा आणि टाच रोवायची. टाचेखाली माती सरकली नाही की काम पास. भुसभुशीत हा शब्द त्याच्या तोंडी शिवीसारखा यायचा. एखादा माणूस शब्दाला जागला नाही, तर तो म्हणे, "भराव कच्चा आहे त्याचा."

हादऱ्यांनी कंबर गेली तेव्हा त्याने रोलर सोडला आणि साठवलेल्या पैशांतून एक जुना ट्रॅक्टर घेऊन गावी आला. वडिलोपार्जित सहा एकर होतं. मध्ये बांध. बांधाच्या अलीकडे मोठ्या मायची तीन एकरं, पलीकडे त्याची तीन. माती एकच, तापीच्या काठची काळी, खोल. विहीर एकच. रोपंसुद्धा दोघांनी एकाच गाडीतून उतरवून घेतली होती. पहिलं वर्ष छान गेलं. मृगात लावलेली बाग वेळेवर निसवली आणि पुढच्या श्रावणाच्या तोंडी घड कापायला आले.

श्रावण म्हणजे उपासाचे दिवस, केळीला उठाव. त्या वर्षी मंडीत भाव असा चढला की म्हातारी माणसंही म्हणाली, हे आम्ही पाहिलं नाही. पण पावसाने दोन दिवस झड लावली होती. तिसऱ्या दिवशी उघडीप झाली आणि सकाळीच व्यापाऱ्याचा ट्रक सडकेला येऊन उभा राहिला.

"आज माल भरला तर हा भाव," व्यापारी म्हणाला. "उद्याचं मी सांगत नाही."

घड कापून सरीतून बांधापर्यंत आणायचं काम टोळीचं. डोक्यावर नाहीतर खांद्यावर घड, खाली केळीच्या पानाची चुंबळ, चिखलातून अनवाणी. बागेत ओल असली की मुकादम हमाली वाढवून मागतो. त्यात गैर काही नाही, पाय घसरतात ते त्याच्या माणसांचे. रोलरवाल्याने आकडा ऐकला आणि हसला.

"एवढे पैसे डोक्यावर वाहायला? ट्रॉली आत घाला."

मोठी माय बांधावर उभी होती. तिने वाकून मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला आणि छातीच्या उंचीवरून सोडून दिला. गोळा फुटला नाही. पुरणासारखा पसरून जमिनीला चिकटला.

"वाफसा नाही, बापू," ती म्हणाली. "चार दिवस थांब. नाहीतर डोक्यावरून ने."

"चार दिवसांनी हा भाव तू देशील का, माय?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने आपली बाग मुकादमाच्या दराने डोक्यावरून काढायला लावली. त्या दिवशी तिची निम्मीच निघाली, उरलेली पुढच्या आठवड्यात उतरत्या भावाने गेली. रोलरवाल्याची तिन्ही एकरं संध्याकाळपर्यंत मोकळी झाली. भरलेली ट्रॉली सहा-सात टनांची, ती सरींमधून आठ-दहा वेळा आत गेली आणि बाहेर आली. एकदा रुतली तर दुसरा ट्रॅक्टर लावून ओढून काढली. गावाने रात्री हिशेब केला. रोलरवाला पुष्कळ पुढे होता. टोळीला त्याने फक्त कापणीचे पैसे दिले, तेही उद्या-परवा करत.

ऊन पडल्यावर त्याने चाकोऱ्यांवर रोटाव्हेटर फिरवला. वरची वीतभर माती पिठासारखी झाली, शेत मेजासारखं सपाट दिसायला लागलं. त्याने सवयीने टाच रोवली. वरचा थर दबला आणि खाली टाच थांबली. त्याला बरं वाटलं.

पुढची लावण पुन्हा दोघांनी बरोबर केली. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, खताच्या मात्रा, सगळं सारखं. किंबहुना रोलरवाल्याची खतं थोडी जास्तच, कारण गाठीला पैसा होता. डीएपीच्या गोण्या तर मोजून दुप्पट. पहिले चार महिने दोन्ही बागा अशा एकसारख्या वाढल्या की बांध नसता तर हद्द कळली नसती. वरच्या वीतभर मऊ मातीत रोपाला जेवढं लागतं तेवढं मिळत होतं.

फरक पडला तो माघात. मोठ्या मायची झाडं खांब धरू लागली आणि रोलरवाल्याची जिथल्या तिथे थबकली. पानं येत होती, पण जवळजवळ, आखूड, एकमेकांच्या काखेत अडकल्यासारखी. चैत्रात दुपारी पानं घडी पडून लटकायची, तीही ठिबक चालू असताना. त्याने पाणी वाढवलं. पाणी खाली जाईना, सरीत थारोळं साचलं आणि खालची पानं पिवळी पडू लागली. हरण्या रोग म्हणावा तर पानांवर तसे पट्टे नव्हते. रोपं खराब निघाली म्हणावं तर त्याच गाडीतली रोपं बांधापलीकडे डोलत होती. कोणी म्हणालं मूळ धरत नाही, मुळांना साथ देणारी बुरशी, मायकोरायझा, टाक. त्याने तीही पुडी आणून ठिबकातून सोडली. पुडीत काही खोट नव्हती. पण त्या बुरशीला आधार धरायला जिवंत, कोवळी मुळं लागतात आणि श्वासापुरती हवा लागते. ज्या घरात दोन्ही नाहीत तिथे पाहुणा कितीही चांगला पाठवला तरी तो राहणार कुठे?

वैशाखाच्या शेवटी वादळ आलं. केळीच्या मुलखात ते दर दोन-तीन वर्षांनी कोणाला तरी बुडवतंच. मोठ्या मायचे चाळीस-पन्नास खांब मोडले. मोडले म्हणजे मधून तुटले. रोलरवाल्याचे मोडले नाहीत. ते मुळासकट कलंडले, घड अंगावर घेऊन, रांगेच्या रांगा. कंदाखाली मुळांची एक चपटी चकती तेवढी वर आली होती, ताटाएवढी.

दुसऱ्या दिवशी मोठी माय पहार घेऊन आली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पहार तिने पुतण्याच्या हातात दिली नाही. स्वतः उचलली आणि पडलेल्या झाडाच्या जागी मारली. वीतभर ती लोण्यात शिरावी तशी शिरली आणि मग खणकन थांबली. बांधापलीकडे आपल्या बागेत जाऊन तिने तीच पहार तशीच मारली. ती हातभर खाली गेली.

"आता खण," ती म्हणाली.

त्याने कंबरेएवढा खड्डा खणला. खड्ड्याची भिंत कुदळीने नीट तासली, तेव्हा सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं समोर आलं. वर भुरी, मोकळी माती. तिच्याखाली दोन वितींचा एक थर, फरशीसारखा, कुदळीच्या घावाला चकाकणारा, पापुद्रे आडवे. केळीची मुळं दोरीएवढी जाड असतात. ती वरून सरळ आली होती आणि त्या थराला टेकताच काटकोनात वळली होती. काही टोकाशी सुजून बोटकी झाली होती. दोन-चार मुळं जुन्या गांडुळाच्या भोकातून खाली गेलेली दिसली, तेवढीच काय ती शहाणी.

इथे गोष्ट थोडी थांबवून सांगायला हवं, कारण मुळं का वळतात हे आपल्याला परवापरवापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. चांगल्या जमिनीत निम्मी जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत थोडं पाणी आणि थोडी हवा. वजन पडलं की मातीचे कण चिरडत नाहीत, चिरडते ती ही रिकामी जागा, आणि त्यातही मोठी भोकं आधी. आपण समजत होतो की घट्ट मातीत मूळ ढकलून ढकलून थकतं आणि थांबतं. नॉटिंगहॅम विद्यापीठातले बिपिन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की थकण्याआधीच काहीतरी घडतं. मुळाचं टोक सतत इथिलिन नावाचा वायू सोडत असतं. तोच, ज्याच्यावर केळी पिकवतात. मोकळ्या मातीत तो भोकांतून निघून जातो. दाबलेल्या मातीत त्याला वाट नसते. तो मुळाभोवतीच कोंडतो आणि मुळाला सांगतो, थांब, वाढू नको. ज्या भाताच्या रोपांना इथिलिनचा हा इशारा कळतच नव्हता, त्यांची मुळं त्याच घट्ट मातीत पुढे जात राहिली. म्हणजे मुळात जोर नव्हता असं नाही. स्वतःचाच कोंडलेला श्वास त्याला आवरत होता.

मोठ्या मायला इथिलिन ठाऊक असण्याचं कारण नाही. तिने खड्ड्याच्या काठावर बसून वेगळंच विचारलं.

"का रे बापू, रस्ता करताना तुम्ही आधी काय करता?"

"मुरूम पसरतो."

"मग?"

"पाणी मारतो."

"पाणी कशाला? कोरडाच दाबावा."

रोलरवाला हसला. हा त्याचा प्रांत होता. "कोरडी माती दबत नाही, माय. कण एकमेकांवर अडून बसतात. ओल असली की ते घसरतात आणि गच्च बसतात. फार पाणीही चालत नाही. बेताची ओल पाहिजे. तेवढी ओल साधली की पहिल्या फेरीतच निम्म्याच्या वर काम होतं."

"अन् श्रावणात तू ट्रॉली आत घातलीस, तेव्हा?"

तो बोलता बोलता थांबला. झड दोन दिवसांची, उघडीप सकाळची, सहा-सात टनांचं वजन आणि आठ-दहा फेऱ्या. त्याने खड्ड्याच्या भिंतीवरून हात फिरवला. चकाकणारा थर त्याच्या ओळखीचा होता. अशा थरासाठी त्याला आयुष्यभर पगार मिळाला होता.

"रस्ताच केला की मी," तो म्हणाला.

"पक्का केलास. लवकर उखडायचा नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण खोटं काही नव्हतं. वरचा थर नांगराने फोडता येतो. खोलवर गेलेला दाब वर्षानुवर्षं राहतो, कधी कधी माणसाच्या अर्ध्या आयुष्याइतका.

मग तिने आपल्या बागेतून उपटून आणलेलं मूळ त्याच्या मुळाशेजारी ठेवलं. तिच्या मुळाला माती लगडून आली होती, झटकली तरी सुटत नव्हती. त्याचं मूळ धुतल्यासारखं उघडं होतं.

"लालबागेच्या कुंड्या पाहिल्यास ना?" तिने विचारलं.

बऱ्हाणपूरच्या माणसाला हे विचारावं लागत नाही. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या पर्शियन जाणकाराने सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरलं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहराकडे आणलं. बोगद्यावर शंभराहून अधिक कुंड्या, विहिरीसारख्या उभ्या. त्यांतून हवा आणि उजेड खाली जातो, माणूस खाली उतरून साफसफाई करू शकतो. चारशे वर्षं झाली, पाणी अजून येतं. वरून चालणाऱ्याला कुंड्यांची तोंडं तेवढी दिसतात, खाली काय चाललंय ते दिसत नाही.

"त्या बोगद्यावर तुला रोलर फिरवायला सांगितला तर फिरवशील?"

"वेडी का तू? खाली खचलं तर पाणी बंद होईल सगळ्यांचं."

"शेताखालीही तसंच आहे. तुझ्या सासऱ्याने बांधलेलं नाही म्हणून तुला ते दिसत नाही, एवढंच."

तिच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नव्हती. केळीच्या मुळांवर केसासारखी मुळं कमीच असतात. जाड मूळ मातीच्या बारीक भोकांत शिरू शकत नाही, आणि स्फुरद तर असं आळशी अन्नद्रव्य की ते जागचं हलत नाही. मुळाने आजूबाजूच्या चार-दोन मिलिमीटरमधलं उचललं की ताट रिकामं. पुढचं आणून देते ती मायकोरायझा बुरशी. तिचा धागा माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, बहुधा त्याहूनही बारीक. तो मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखा फुटतो आणि बाहेर मातीत कितीतरी सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद, जस्त आणि थोडं पाणीही घेऊन येतो. बदल्यात झाड तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं, पानांनी कमावलेल्यातला कधी पाचवा हिस्सासुद्धा. हेच धागे मातीचे बारीक कण बांधून रवाळ ढेकळं करतात, त्या ढेकळांमध्ये भोकं राहतात आणि भोकांतून हवा जाते. हा व्यवहार नवा नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळ चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. त्यांत दगड झालेल्या वनस्पतींच्या पेशींतही ही बुरशी तशीच फुटलेली दिसते. झाडांना धड मुळंही आली नव्हती, तेव्हा ही सोबत आली होती. उघड्या डोळ्यांना मात्र यातलं काही दिसत नाही. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं.

रोलरवाल्याने एकाच वर्षात या बुरशीच्या वाटेवर चार धोंडे ठेवले होते. ट्रॉलीने भोकं बुजवली. रोटाव्हेटरने वरच्या थरातलं जाळं तोडलं. डीएपी दुप्पट टाकून झाडाला सांगितलं की आता बुरशीला पोसायची गरज नाही, आणि आयता स्फुरद मिळाला की झाड खरोखरच तिला हात आखडतं. चौथं म्हणजे रोपं. टिश्यू कल्चरचं रोप प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक बाटलीत वाढतं, त्याच्याबरोबर एकही सोबती येत नाही. त्याला शेतातल्या मातीतच ओळखी कराव्या लागतात. मोठ्या मायच्या मातीत ओळख करून देणारं कोणीतरी होतं.

इंदूर इथून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर इंदूरचं नाव मिळालं, ती तिथली. शिकवायला आलेला हा माणूस इथल्या शेतकऱ्यांकडून शिकत राहिला. मातीला हवा पाहिजे हे तो अखेरपर्यंत सांगत होता, आणि १९४० च्या आपल्या पुस्तकात त्याने मुळांवरच्या या बुरशीला मानाची जागा दिली. आपल्याच अंगणातून गेलेली ही गोष्ट आपण पुडीवर छापून आली तेव्हा वाचली, याचं मला वाईट वाटतं.

पण मोठ्या मायचं बोलणं मातीपाशी थांबलं नाही.

"टोळी का नाही रे आली यंदा तुझ्याकडे?" तिने विचारलं.

हे खरं होतं. पडलेले घड उचलायला रोलरवाल्याने सकाळपासून तीन निरोप धाडले होते आणि मुकादम येतो येतो म्हणत बांधापलीकडे मोठ्या मायचे मोडलेले खांब काढत होता.

"त्यांची हमाली तू वाचवलीस. ती वाचली नाही, बापू, नुसती तुंबली. मातीतलं असो की माणसातलं, जो आपल्यासाठी न दिसता राबतो, त्याच्या वाटेवर आपण भार टाकू नये. त्याला चार बोटं जागा ठेवावी. मग तो आपल्याला ठेवतो."

रोलरवाला काही बोलला नाही. संध्याकाळी जाऊन त्याने मुकादमाची जुनी बाकी चुकती केली.

जमिनीची बाकी इतकी सोपी नव्हती. पहिला निर्णय सगळ्यांत कडू होता, वर्षभर केळी नाही. ज्येष्ठाच्या आत, माती कोरडी ठणठणीत असताना, त्याने भाड्याने सबसॉयलर आणून दीड-दोन फूट खोल चिरा पाडल्या. ओल्या मातीत तेच अवजार घातलं असतं तर चिरा पडण्याऐवजी भिंती लिंपल्या गेल्या असत्या, हे त्याला आता कोणी सांगायला लागलं नाही. वादळात पडलेले खांब शेताबाहेर न फेकता तुकडे करून तिथेच पसरले. पाऊस पडल्यावर सरीआड सरी ताग आणि तूर पेरली. तुरीचं सोटमूळ चिरांतून खाली उतरतं आणि मेल्यावर आपली वाट मागे ठेवतं. दोन्ही पिकं या बुरशीला पोसणारी आहेत. मोहरी किंवा मुळा पेरला असता तर भोकं पडली असती, पण बुरशी उपाशी राहिली असती. त्या कुळाचं आणि तिचं जमत नाही. रोटाव्हेटर त्याने विकला. कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेतली आणि डीएपी निम्म्यावर आणलं.

काळ्या मातीचा स्वतःचाही एक गुण असतो. उन्हाळ्यात ती मनगट जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून मिटते, त्यात थोडी थोडी मोकळी होत जाते. पुढच्या वैशाखात रोलरवाल्याच्या शेतात भेगा पडल्या. गावात त्या एकट्यालाच भेगा बघून आनंद झाला असेल. तो त्यांत काडी घालून खोली मोजत बसायचा.

सगळं शेत काही सुधारलं नाही. जिथे ट्रॉली रुतली होती आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने गरगर फिरवून ओढली होती, तो कोपरा तसाच राहिला. तिथे पहार आजही वीतभरावर थांबते. तो कोपरा त्याने तुरीला देऊन टाकला.

त्याच्यातला रस्तेवाला मात्र मेला नव्हता, आणि मला वाटतं मरायला नकोही होता. बांधाला लागून त्याने नऊ फुटांची एक पट्टी आखली. खोदली, मुरूम भरला, पाणी मारलं आणि जुन्या ओळखीतून एक दिवसासाठी रोलर मागवून स्वतः चालवला. टाच रोवून बघितली. टाच हलली नाही. मग मोठ्या मायला बोलावून तिलाही रोवायला लावली. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या कामाची पहिल्यांदा तारीफ केली, म्हणाली, "आता हे बरोबर जागी आहे."

ट्रॅक्टर त्या पट्टीवर फिरायचा आणि तिथेच थांबायचा. तिच्या पलीकडे चाक जायचं नाही, दोन्ही बागांत.

तीन वर्षांनी पुन्हा श्रावणात भाव चढला. पुन्हा झड लागली. उघडीप झाली त्या सकाळी व्यापाऱ्याने मुरमाच्या पट्टीवर ट्रॉली आणून उभी केली आणि आत डोकावला. घड चांगले भरले होते, मोठ्या मायच्या बागेच्या जवळजवळ बरोबरीचे.

"दहा पावलं आत घेतो, शेठ. एवढ्याने काय होतंय."

रोलरवाल्याने वाकून मूठभर माती उचलली, गोळा केला आणि सोडला. गोळा पसरला.

"नाही," तो म्हणाला. "डोक्यावरून."

"मग उशीर होईल. भावात कमी करीन मी."

"किती?"

व्यापाऱ्याने आकडा सांगितला. मुकादम मागे चुंबळ सारखी करत उभाच होता. त्याने लगेच सांगून टाकलं की ओल आहे, घडामागे दोन रुपये जास्त लागतील. दोन्हीकडून कात्री लागली होती. रोलरवाल्याने मनाशी बेरीज केली.

"दीड," तो मुकादमाला म्हणाला.

"दोन, भाऊ. पोरांचे पाय बघा."

"पावणेदोन. आणि पैसे आज संध्याकाळी, उद्यावर नाही."

मुकादमाने मोठ्या मायकडे पाहिलं. ती आपल्या बांधावर शेंगा सोलत बसली होती आणि तिने मान वर केली नाही. मग त्याने पोरांना हाक मारली, आणि सहा जण विळे घेऊन पहिल्या सरीत उतरले.